मुलाची थेरपी, घराची सजगता: पालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

“याला जरा मेडिटेशन शिकवा, म्हणजे शांत होईल.” समुपदेशनाच्या खोलीत पालक पहिल्यांदा येतात, तेव्हा बहुतेकदा हीच मागणी असते. मूल चिडकं झालंय, रात्री झोपत नाही, शाळेत जायच्या वेळेला पोटात दुखतं म्हणतं, दहावीच्या वर्षात खोलीचं दार लावून बसतं. आई-वडील थकलेले असतात आणि त्यांना मनापासून मदत हवी असते. म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगते: सजगतेवर (माइंडफुलनेसवर), म्हणजे या क्षणी आत-बाहेर जे चाललंय त्याकडे लक्ष देण्यावर आधारित मानसोपचार मुलाला गप्प बसवण्यासाठी नसतात. आत काय चाललंय हे मुलाला वेळेवर कळावं, ते सांगता यावं आणि सांगितल्यावर ऐकणारं माणूस घरात असावं, यासाठी ते असतात. यातला शेवटचा भाग मुलाच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. त्यामुळे या लेखात मुलांइतकंच मोठ्यांविषयीही लिहिलं आहे.

हे उपचार आले कुठून

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. बौद्ध परंपरेतली श्वासाकडे आणि शरीराकडे लक्ष देण्याची साधना त्यांनी धार्मिक चौकटीबाहेर, दवाखान्यात आणली. पुढे नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून सेगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी तिला विचारांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीची जोड दिली. लहान मुलांसाठी तिचं वेगळं रूप तयार झालं, त्यात सत्रं बारा आहेत. मूल वीस मिनिटं डोळे मिटून बसणार नाही हे ओळखून त्यात छोटे, सतत बदलणारे आणि हात-पाय-जीभ-कान वापरायला लावणारे सराव आहेत.

महाराष्ट्राला हे परकं वाटायचं कारण नाही. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रामुळे आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देणं, हा शब्द आपल्याकडे अनेक घरांत माहीत आहे आणि राज्यातल्या शाळांमध्ये ‘मित्रा’ उपक्रमातून मुलं काही मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायला शिकली आहेत. सवय म्हणून ते चांगलंच आहे, पण ते उपचार नव्हेत. ब्रिटनमध्ये ८० हून अधिक शाळांतल्या ११ ते १३ वर्षांच्या आठ हजारांवर मुलांचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. सगळ्या वर्गाला सरसकट सजगतेचे तास दिल्याने मुलांचं मानसिक आरोग्य नेहमीच्या शिकवण्यापेक्षा सुधारलं नाही आणि बऱ्याच मुलांनी घरी सराव केलाच नाही. माझ्या मते यातून घेण्यासारखं एवढंच की ज्या मुलाला त्रास आहे त्याच्यासोबत बसणारं माणूस लागतं आणि सराव घरच्या दिवसात मुरावा लागतो. आदेश देऊन तो होत नाही.

पहिला टप्पा: दोन आठवडे फक्त टिपून ठेवा

एक साधी वही घ्या आणि मुलाला त्रास झाला की रात्री चार ओळी लिहा. किती वाजता झालं? त्याआधी तासाभरात काय घडलं होतं? मुलाच्या अंगावर काय दिसलं: कान लाल झाले, हात थरथरले, पोट धरलं, बोलणं बंद झालं? आणि त्या वेळी घरातली मोठी माणसं काय बोलली? हा शेवटचा रकाना लिहायला जड जातो, पण तज्ज्ञाला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. ‘हट्टीपणा केला’, ‘नाटक केलं’ असले शेरे नकोत. ‘सात वाजता गृहपाठ काढायला सांगितलं, पाच मिनिटांनी वही फेकली’ असं लिहा.

झोपेची वेळही लिहा. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. सकाळची शाळा, संध्याकाळचा क्लास आणि रात्री साडेअकरापर्यंत मोबाइल असं वेळापत्रक असेल तर निम्मा उलगडा या वहीतच होतो.

दुसरा टप्पा: आधी बालरोगतज्ज्ञ

‘होलिस्टिक’ हा शब्द हल्ली जाहिरातींत फार स्वस्त झाला आहे. मूल सगळ्या अंगांनी बघायचं तर सुरुवात शरीरापासूनच व्हायला हवी. रक्त कमी असलेलं मूल चिडचिडं आणि सुस्त असू शकतं. थायरॉइडच्या बिघाडाने मन खचल्यासारखं दिसू शकतं. फळा नीट दिसत नसेल किंवा एका कानाने कमी ऐकू येत असेल तर ‘लक्ष देत नाही’ हा शेरा वर्षभर प्रगतिपुस्तकावर येत राहतो. रात्री घोरणाऱ्या आणि तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाची झोप पुरी होत नाही. बोलता बोलता काही सेकंद शून्यात पाहणारं मूल स्वप्नाळूच असेल असं नाही, तो फिट्सचा एक प्रकार असू शकतो. हे सगळं एकदा तपासून घ्या.

अभ्यासाचं नाव काढलं की रडणाऱ्या मुलाच्या बाबतीत अध्ययन अक्षमतेचीही चाचणी करून घ्यावी. वाचताना अक्षरंच जुळत नसतील तर श्वासाच्या सरावाने ती जुळणार नाहीत. मुंबईत शीव रुग्णालयात अशा मुलांसाठी खास विभाग आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर राज्य मंडळाच्या परीक्षेत सवलती मिळतात.

ज्या वेळी थांबायचं नाही

मूल मरणाबद्दल बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, जेवण जवळपास बंद केलं असेल, इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात म्हणत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा मोठ्या रुग्णालयात जा. ‘तुला जगू नये असं वाटतं का?’ हे थेट विचारल्याने मुलाच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट एकट्याने वाहिलेलं ओझं खाली ठेवायला जागा मिळते. विचारल्यावर मुलाला एकटं सोडू नका. घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मिळते आणि मराठीत बोलता येतं.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर मुलाला खोदून खोदून, घरातल्या प्रत्येकासमोर पुन्हा विचारू नका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही’ एवढं म्हणा. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे आणि ते थेरपिस्टलाही लागू आहे.

तिसरा टप्पा: कोणाकडे जायचं

तीन प्रकारची माणसं भेटतील. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर या विषयाचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषध तेच देतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतात आणि थेरपी देतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका, नीट काम करणारी व्यक्ती तो लगेच देते. तिसरे समुपदेशक. यांच्यात अतिशय उत्तम माणसं आहेत आणि दोन दिवसांचं शिबिर करून पाटी लावलेलेही आहेत. म्हणून शिक्षण कुठे झालं, मुलांसोबत काम करताना कोणाच्या देखरेखीखाली शिकलात, अडलं तर कोणाला विचारता, हे तिन्ही प्रश्न विचारा.

सजगतेवर आधारित थेरपी देतो असं सांगणाऱ्याला आणखी दोन प्रश्न विचारा: “तुम्ही स्वतः सराव करता का?” आणि “माझ्या मुलाला हे जमलं नाही तर तुमच्याकडे दुसरं काय आहे?” दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘जमेलच’ असं आलं तर मी तिथे मूल नेणार नाही. चांगल्या थेरपिस्टकडे खेळ, चित्रं, वर्तनावरचं काम, विचारांवरचं काम, कुटुंबासोबतची सत्रं असं बरंच काही असतं, त्यात सजगता मुरलेली असते. दहा सत्रांत आजार मुळासकट घालवू, औषधं बंद करू, असं छातीठोक सांगणाऱ्यापासून लांब राहा.

खाजगी सत्रांचा खर्च झेपत नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो, जिल्हा रुग्णालयात चौकशी करता येते. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून मराठी भाषक कुटुंबांसोबत काम करते आहे. आणि शेजारी-नातेवाईक काय म्हणतील, असं मनात आलं तर हेही माहीत असू द्या: मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कने, म्हणजे आजच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने (टिस), १९३७ सालीच चाइल्ड गायडन्स क्लिनिक उघडलं होतं. मुलाच्या मनासाठी मदत घेणं हे आपल्या आजी-पणजीच्या काळापासून इथे होत आलं आहे.

चौथा टप्पा: मुलाला काय सांगून न्यायचं

खोटं सांगू नका. ‘काकूंकडे गप्पा मारायला जाऊ’ म्हणून नेलेलं मूल दुसऱ्या सत्राला येत नाही. लहान मुलाला सांगता येईल: “तुझ्या पोटात सकाळी गोळा येतो ना, त्याबद्दल मुलांशी बोलणाऱ्या एक ताई आहेत. मीही येणार आहे, कारण त्या वेळी मी काय करायचं ते मलाही शिकायचंय.” चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला निवड द्या: “दोन वेळा जाऊन बघ. नाही पटलं तर दुसरं कोणी शोधू.” शिक्षा म्हणून थेरपीचं नाव कधीच घेऊ नका. आणि आजी-आजोबांना घरात आधीच विश्वासात घ्या, नाहीतर “आपल्या घराण्यात असलं काही नाही” हे वाक्य नेमकं निघायच्या वेळेला कानावर पडतं.

पहिल्या एक-दोन भेटींत थेरपिस्ट आई-वडिलांशी वेगळं, मुलाशी वेगळं आणि मग सगळ्यांशी एकत्र बोलतात. तुमची वही तिथे न्या. गुप्ततेचे नियम सगळ्यांसमोर ठरवून घ्या: मूल जे सांगेल ते त्याच्या परवानगीशिवाय पालकांना सांगितलं जाणार नाही, पण जिवाला धोका किंवा अत्याचार असेल तर सांगितलं जाईल. बाहेर आल्यावर रिक्षात “काय विचारलं? माझ्याबद्दल काय सांगितलंस?” हे टाळा. मला वाटतं, अर्ध्या थेरपी या रिक्षातल्या उलटतपासणीने मोडतात. “भूक लागलीय का?” हा त्या वेळेचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

पाचवा टप्पा: वयाप्रमाणे सराव

हे सराव मूल शांत असताना शिकवायचे. चिडलेल्या मुलाला “आता श्वास घे” म्हटलं की त्याला तो आदेशच वाटतो आणि श्वासाचाच राग येऊ लागतो.

चार ते सात वर्षांच्या मुलाला उताणं झोपवून पोटावर त्याचं आवडतं खेळणं ठेवा. श्वास घेतला की खेळणं वर जातं, सोडला की खाली येतं. खेळण्याला ‘झोपवायचं’ आहे, म्हणून श्वास हळू सोडायचा. आठ-दहा श्वास पुरेत. श्वास सोडताना हृदयाचे ठोके आपोआप थोडे मंदावतात, म्हणून भर लांब सोडण्यावर द्यायचा, खोल घेण्यावर नाही. खोल खोल श्वास भराभर घेतला तर चक्कर आणि मुंग्या येतात. दुसरा खेळ बाटलीचा. पारदर्शक बाटलीत पाणी, थोडा पारदर्शक डिंक आणि चमकी घालून झाकण घट्ट चिकटवा. हलवली की गढूळ होते, टेबलावर ठेवली की चमकी खाली बसते. “डोक्यात असं झालं की आपण काय करू? थोडं थांबू.” एवढंच सांगायचं, व्याख्यान नको.

आठ ते बारा हे वय या सरावांसाठी फार छान आहे, कारण या वयात मुलांना स्वतःवर प्रयोग करायला आवडतात. मीठ लावलेली आवळ्याची फोड द्या. आधी बोटांनी चाचपून बघायची, मग वास, मग जिभेवर ठेवून न चावता थांबायचं, तोंडाला पाणी कुठून सुटतं ते शोधायचं, मग चावायची, आणि शेवटी घोटभर पाणी पिऊन ते गोड कसं लागतं ते बघायचं. दुसरा आवाजांचा: खिडकीत बसून दोन मिनिटांत किती आवाज ऐकू येतात ते बोटांवर मोजायचे. कुकरची शिट्टी, कावळा, लांबचा भोंगा, स्वतःचा श्वास.

याच वयात शरीराचा नकाशा काढून घ्या. मोठ्या कागदावर मुलाची बाह्यरेषा काढा आणि राग आला की कुठे काय होतं ते रंगाने भरायला सांगा. आपल्याकडे यासाठी शब्दांची चंगळ आहे: धडधड, पोटात गोळा, घसा दाटणं, कानशिलं तापणं, हातापायाला मुंग्या, अंगावर काटा. भावनांनाही नावं द्या: हिरमुसणं, धास्ती, हेवा, लाज, कावरंबावरं होणं. ‘टेन्शन’ या एका शब्दात सगळं कोंबलं की मुलाला आणि आपल्याला काहीच कळत नाही. शाळेच्या दिवशी पोट दुखणाऱ्या सहावीतल्या मुलाने “पोटात गोळा आहे आणि पी.टी.च्या तासाची धास्ती आहे” असं म्हटलं, तर आता शाळेत जाऊन बोलण्यासारखं काहीतरी हाती आलं. कोणी त्रास देत असेल तर तो त्रास थांबवणं हेच पहिलं काम आहे. छळ सहन करायला श्वास शिकवू नये.

किशोरवयात सराव लहान आणि खाजगी हवेत. परीक्षेत प्रश्नपत्रिका वाटत असताना दोन्ही तळवे बाकावर टेकवायचे, पावलं जमिनीला लागली आहेत हे जाणवू द्यायचं, तीन श्वास सावकाश सोडायचे आणि मग पेपर उलटायचा. कोणालाही कळत नाही. खूप घाबरायला झालं तर दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाला जाणवणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन आणि चवीची एक अशी मनात मोजायची. मोबाइल उघडायच्या आधी पाच सेकंद थांबून “मला आत्ता काय हवंय?” हे स्वतःला विचारायचं. उत्तर कंटाळा असेल, एकटेपणा असेल, खरंच काम असेल. उघडायचा की नाही ते मुलाने ठरवायचं. विचारांसोबतचं काम थोडं पुढचं आहे: ‘मी नापास होणार’ याऐवजी ‘मी नापास होणार असा विचार आलाय’ असं म्हणून बघायचं. हे थेरपिस्टसोबतच सुरू करावं.

सहावा टप्पा: आता मोठ्यांची पाळी

आई-वडील स्वतः काही करत नसतील तर मुलाचा सराव जेमतेम पंधरा दिवस टिकतो, हे मी वारंवार पाहते. तुमच्यासाठी अर्ध्या तासाची बैठक सांगत नाही. ऑफिसातून घरी आल्यावर दारात चपला काढताना थांबा. खांदे कुठे आहेत, जबडा आवळला आहे का ते बघा. तीन श्वास सोडा. मग बेल वाजवा. गुण हातात आले की बोलण्याआधी पाणी प्या. मूल आदळआपट करत असताना आवाज खाली आणा आणि वाक्यं लहान करा: “मी इथे आहे. आधी बस. मग बोलू.” त्या वेळेला उपदेश शिरत नाही.

ओरडून झालंच, तर नंतर जाऊन बोला: “मघाशी मी ओरडले. तुझ्यावर हात उगारला ते चुकलं. मला भीती वाटली होती.” माफी मागितल्याने मूल डोक्यावर बसत नाही. भांडणानंतर नातं पुन्हा जोडता येतं हे त्याला घरातच बघायला मिळतं.

घरासाठी एक गोष्ट ठरवा. रात्रीच्या जेवणात पहिली पाच मिनिटं मोबाइल आणि टीव्ही बंद, आणि प्रत्येकाने दिवसातली एक चांगली, एक अवघड गोष्ट सांगायची. आजोबांनीही, बाबांनीही. कोणाच्या अवघड गोष्टीवर लगेच उपाय सुचवायचा नाही. आजी रोज जप करत असतील तर मुलाला त्यांच्याशेजारी हवं तर बसू द्या, सक्ती करू नका. आणि आत्याच्या मुलीशी तुलना, पाहुण्यांसमोर मुलाच्या आजाराची चर्चा, ‘एवढे पैसे भरतोय’ हे वाक्य: या तीन गोष्टी बंद झाल्या नाहीत तर कोणतीही थेरपी अपुरी पडते. नवरा-बायकोत अबोला असेल किंवा घरात दारू असेल तर त्यासाठी मोठ्यांनी स्वतःची मदत वेगळी घ्यावी.

कुठे जपून

ज्या मुलाने आघात सोसला आहे त्याला डोळे मिटून शरीराकडे लक्ष द्यायला सांगितलं की नको ते आठवू शकतं. डोळे उघडे, नजर एखाद्या वस्तूवर आणि चालता चालता सराव, असं सुरू करावं. धाप लागणाऱ्या किंवा घाबरल्यावर श्वास अडकणाऱ्या मुलाला श्वासाऐवजी तळव्यांकडे किंवा आवाजांकडे लक्ष द्यायला सांगा. ओसीडी, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यामुळे त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करण्याचा आजार, असलेलं मूल ‘बरोबर दहा श्वास’ हाच नवा विधी करून टाकू शकतं. त्यासाठी भीतीला हळूहळू सामोरं जाण्याची वेगळी थेरपी आहे. एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता असलेल्या, मुलाला स्थिर बसवण्यापेक्षा दोरीवरच्या उड्या, मग एक मिनिट छातीवर हात ठेवून धडधड ऐकणं, हे जमतं. भास होत असतील तर लांब ध्यानशिबिरं टाळा. डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी बरं वाटायला लागलं म्हणून स्वतःहून थांबवू नका, शिबिराच्या आयोजकांनी सांगितलं तरीही.

फरक पडतोय का, हे कसं बघायचं

मूल कधीच चिडत नाही, ही खूण नव्हे. भडका पूर्वीपेक्षा लवकर ओसरतो, मूल आधीच “मला आता एकटं राहायचंय” सांगतं, आठवड्यातले शाळा बुडालेले दिवस कमी होतात, झोप लागते: वहीत हे शोधा. सुरुवातीला मूल जास्त बोलू लागतं आणि त्यात तुमच्याबद्दलच्या तक्रारीही येतात. त्या ऐका. सहा-आठ सत्रांनंतर थेरपिस्टसोबत बसून वही उघडा, ठरवलेलं काय झालं, काय नाही ते विचारा. काहीच हललं नसेल आणि कारणही सांगता येत नसेल तर दुसरं मत घ्या. मुलाला ती व्यक्ती मनापासून आवडत नसेल तरीही बदला.

सुधारणा झाल्यावर सत्रं एकदम बंद न करता आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने अशी लांबवत न्यावीत. नवीन शाळा, घर बदलणं, घरातला मृत्यू, दहावी-बारावीचे फेब्रुवारी-मार्च या काळात जुना त्रास डोकं वर काढू शकतो. त्यामुळे त्यासाठीची एक-दोन सत्रं आधीच ठरवून ठेवावीत, आणि ती वही जपून ठेवावी.